प्रॅक्टिकलमध्ये खल-बत्ता हवा

मा. संपादक,

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गेली अनेक वर्षे मी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवते. दोन ग्रॅम पदार्थ करायला आम्ही मुलांना वाटीभर इथेनॉल वापरायला लावतो आणि शेवटी ते बेसिनमध्ये जाते. हीच मुले पुढे एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यांत लागतात. तिथे हिशेब टनांत असतो. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की औषधनिर्मितीत एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा निघतो. त्यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा, म्हणजे इथेनॉलसारख्या द्रावकाचा असतो.

गेल्या महिन्यात मी कंडेन्सर (सॉल्व्हंटची वाफ थंड करणारी काचेची नळी) बाजूला ठेवला. ऑर्थो-व्हॅनिलिन आणि पॅरा-टोल्युइडिन या दोन फिकट, कोरड्या पावडरी खलात घालून घोटायला सांगितल्या. (टोल्युइडिन विषारी आहे, हातमोजे आणि फ्यूमहूड, म्हणजे वाफा बाहेर ओढणारे कपाट, हवेच.) बत्ता फिरू लागताच दोन्हींची अभिक्रिया होऊन नारिंगी रंग चढला, ओलसर लगदा झाला आणि घोटता घोटता तो पुन्हा सुकला. सॉल्व्हंटचा थेंब नाही, नव्या पदार्थासोबत तयार होते ते फक्त पाणी. "मॅडम, झालंसुद्धा?" एका मुलीने विचारले.

पारा आणि गंधक काजळासारखे काळे होईपर्यंत खलून कज्जली करणाऱ्या आपल्या वैद्यांना ही वाट जुनीच. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ मध्ये सच्छिद्र सेंद्रिय पदार्थ असेच खलात घोटून केले. बंद नळीत १२० अंशांवर तीन दिवस घेणारे काम पाऊण तासात झाले. पिवळा, नारिंगी, मग गडद लाल असा रंग बदलत गेला. स्फटिकपणा, म्हणजे कणांची नीटनेटकी रचना, मात्र कमी भरला, हेही मुलांना सांगायला हवे. सगळ्याच अभिक्रिया खलात होत नाहीत, शुद्धीकरणाला पुष्कळदा सॉल्व्हंट लागतोच आणि मोठ्या प्रमाणावर करताना निर्माण होणारी उष्णता सांभाळावी लागते.

बेन्झिलपासून बेन्झिलिक आम्ल घन अवस्थेत, सॉल्व्हंटशिवाय करण्याचा प्रयोग यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नमुना अभ्यासक्रमात आलेला आहे. आमच्याकडे तो वर्षानुवर्षे गाळला जातो, कारण परीक्षेत येत नाही. विद्यापीठांनी असा निदान एक प्रयोग प्रात्यक्षिक परीक्षेत सक्तीचा करावा, ही कळकळीची विनंती. नवीन खरेदीही लागणार नाही; चिनीमातीचा खल बहुतेक प्रयोगशाळांच्या कपाटात असतोच.

– एक रसायनशास्त्र शिक्षिका, अंबरनाथ