धाकट्याच्या वेल्डिंगच्या कोर्सबद्दल

धायरी, पुणे
१२ मे

प्रिय बंडू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोन उचलून दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं, पण तू एवढं सविस्तर लिहिलंस आणि प्रश्न पोराच्या आयुष्याचा आहे. म्हणून आज माझी फॅब्रिकेशनची शेड लवकर बंद केली आणि लिहायला बसलो.

धाकटा बी.कॉम. नको म्हणतोय, वेल्डिंग शिकायचं म्हणतोय. पुण्यातल्या एका संस्थेचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ३५,००० रुपये. भरू का, की पाण्यात जातील, असं तू विचारलंयस. आणि वहिनींना रात्र रात्र झोप नाही, की शिकलेल्या घरातलं पोर ठिणग्यांपुढे बसणार. त्यांना आधी सांग, मला हे वाचून फार आनंद झाला. मार्क कमी पडले म्हणून तो इकडे वळतोय असं तुझ्या पत्रात दोनदा आलंय. ते मनातून काढून टाक, आणि त्याच्यासमोर तर कधीच बोलू नकोस. हाताने काही करावंसं वाटणारं पोर माझ्याकडे वर्षातून एखादं येतं. बाकीचे नाइलाज म्हणून येतात.

आता कोर्सचं. माझं मत असं आहे की कोर्स वाईट नाही, पण त्याची जागा चुकते. ज्याने अजून होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडायचा चिमटा, हातात धरलेला नाही, त्याला तीन महिन्यांत मिळतं ते फार थोडं. ज्याने चार-सहा महिने शेडमध्ये काढलेत, त्याला दहा दिवसांचा कोर्सही डोळे उघडून देतो. आधी काम, मग कोर्स, मग परत काम. हे मी स्वतःवर बेतल्यामुळे सांगतोय.

तुला आठवत असेल, बारावीनंतर मी भोसरीला एका शेडमध्ये लागलो. तिथले मिस्त्री बोलायचे कमी, हात मात्र असा की भर, म्हणजे सांध्यात वितळवून घातलेलं लोखंड, टाकला की नक्षी काढल्यासारखा दिसायचा. पहिलं वर्षभर मी अँगल उचलले, ग्राइंडर मारला, स्लॅग, म्हणजे भरावर जमणारी खपली, झाडला. दुसऱ्या वर्षी टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे छोटे सांधे, मारायला दिले. मग हळूहळू मीही त्यांच्यासारखाच भर टाकायला लागलो, आणि नऊ वर्षं तसाच टाकत राहिलो. मग ओळखीच्या एका कारखानदाराने पाठवलं म्हणून दहा दिवसांच्या एका कोर्सला गेलो. मनात म्हणत होतो, मला हे काय शिकवणार.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला एका पट्टीवर दुसरी पट्टी उभी ठेवून कोपऱ्यात एकाच बाजूने भर टाकायला सांगितला. माझा सगळ्यात सुबक झाला. मग त्यांनी ती उभी पट्टी हातोड्याने भराच्या बाजूला वाकवली आणि सांधा मोडून माझ्या हातात दिला. बंडू, नऊ वर्षांत मी स्वतःचं वेल्डिंग आतून कधी पाहिलंच नव्हतं. आत मुळाशी काळी रेघ होती. स्लॅग अडकला होता, दोन्ही पट्ट्या मुळात एकजीव झाल्याच नव्हत्या. मी रॉड फार आडवा धरत होतो आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकापासून लोखंडापर्यंतची विजेची ज्योत, लांब ठेवत होतो. त्यामुळे वितळलेला स्लॅग भराच्या पुढे पळायचा, कोपऱ्यात शिरायचा आणि त्याच्यावरून मी सुंदर नक्षी काढायचो. रॉड भराच्या रेषेशी सत्तर-ऐंशी अंशांत धरायचा, मागच्या बाजूला थोडासा कललेला, आणि आर्क रॉडच्या तारेच्या जाडीएवढाच ठेवायचा. मग स्लॅग मागे राहतो. एवढंच. सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि मला ते नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या मिस्त्रींनाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आजवर बसवलेले जिने आणि गॅलऱ्या एकेक करून डोळ्यांसमोर येत होत्या. पुढच्या काही महिन्यांत आठवतील तेवढ्या ठिकाणी जाऊन मी सांधे तपासले, आणि दोन जिने पदरचे पैसे घालून पुन्हा भरून दिले.

म्हणून शेडमध्ये राहिलं की सगळं आपोआप येतं, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. उमेदवारीत हात वळतो, पण मिस्त्रीची चूकही हातात उतरते, आणि ती चूक आहे हे कळायला बाहेरचा डोळा लागतो. तो डोळा कोर्स देऊ शकतो. पण हेही बघ, माझ्या हातात नऊ वर्षांचं काम होतं म्हणून ती पाच मिनिटं माझ्या कामी आली. सरांनी कोन सांगितला आणि माझा हात तिथे जाऊन थांबला. शेजारी बसलेल्या नवख्या मुलाने तेच ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि त्याचा रॉड दर वेळी पट्टीला चिकटत होता.

तू पाठवलेलं माहितीपत्रक मी नीट वाचलं. वीस मुलांची बॅच, रोज चार तास, मशिनं दोन. दोन्ही मशिनं चार तास अखंड चालली तरी ४८० मिनिटं होतात. वीस जणांत वाटली की एकेकाला रोजची २४ मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत ७८ दिवस, म्हणजे जेमतेम एकतीस तास. त्यातून थिअरीचे दिवस वजा कर, रॉड बदलणं, स्लॅग झाडणं, पुढच्याला जागा देणं वजा कर. ३.१५ मिलिमीटरचा रॉड मिनिट-सव्वा मिनिटात जळून जातो. म्हणून फीच्या आधी हे विचार, की एका मुलाला अख्ख्या कोर्समध्ये किती रॉड जाळायला मिळतील आणि लोखंड किती मिळेल. सरळ आकडा सांगितला तर ती जागा चांगली आहे असं समज. विषय बदलून नोकरीच्या हमीवर आले, तर उठून ये.

दोन वर्षांपूर्वी असाच एक सर्टिफिकेटवाला मुलगा माझ्याकडे लागला. गुणी पोर, वेळेवर यायचा, टेबलावर सपाट पट्टी दिली तर भर बरा टाकायचा. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या खिडकीचं ग्रिल होतं, त्याची चौकट त्याच्याकडे दिली. त्याने चारही बाजू बरोबर कापल्या, आणि एक कोपरा धरून पूर्ण भर मारत सुटला. तापलेलं लोखंड गार होताना ओढ घेतं, चौकट एका अंगाला खेचली गेली. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले की समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरायचे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शिवाय वाड्याच्या खिडक्या. गुण्या लावला तर एकही कोपरा काटकोनात सापडत नाही, चौकट भिंतीच्या कलाने घ्यावी लागते. आणि शिडीवर उभं राहून उभा भर मारायची वेळ आली तेव्हा सगळं लोखंड खाली ओघळलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला एक शब्द बोललो नाही, कारण दोष त्याचा नव्हता. त्याला सांगण्यात आलं होतं की तू आता वेल्डर झालास. आज तो माझ्याकडचा सगळ्यात चांगला कारागीर आहे, पण त्याला दीड वर्ष लागलं.

आपण लहानपणी कसब्यातून शाळेत जाताना तांबट आळीतून वळसा घेऊन जायचो, आठवतं? आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातले आजोबा हंड्याला मठार मारत असायचे, एकाला एक लागून ठोके, सगळे सारख्या मापाचे. आपल्याएवढा त्यांचा नातू चिंचेने भांडी घासत बसलेला असायचा आणि आपल्याला त्याची कीव यायची. आता वाटतं, तो घासत होता तेव्हा त्याचा कान तयार होत होता. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग ते परत तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर चीर जाते. ती वेळ आली हे ठोक्याचा आवाज बदलल्यावर कळतं. तो आवाज कुठल्या वर्गात कसा शिकवणार? तिथे बसूनच ऐकावा लागतो.

सरकारी योजनांचं तू विचारलंस. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी असे १८ व्यवसाय आहेत, वेल्डर नाही. पण तिची रचना बघण्यासारखी आहे. मूळ प्रशिक्षण फक्त ५ ते ७ दिवसांचं, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. पाच दिवसांत कुणी लोहार होत नाही, आणि ती योजना तसं म्हणतही नाही. ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठीच आहे. २०१५ च्या कौशल्य विकास योजनेतही नवख्यांच्या छोट्या कोर्सबरोबर दुसरी एक वाट आहे, आधीच काम येणाऱ्याचं कसब तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची. मला ती वाट जास्त मोलाची वाटते.

आणि धाकट्याची खरंच तयारी असेल तर तीन महिन्यांचा विचार सोड आणि आयटीआयचा कर. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे, फिटरचा दोन वर्षांचा. औंधला सरकारी आयटीआय आहे. खासगी कोर्सच्या मानाने फी अगदी कमी, आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येतं. वर्षभर बसण्याची त्याची तयारी असेलच असं मी कसं म्हणू, अठरा वर्षांचा आहे तो. पण विचारून बघ. त्याला शिरूर तालुक्यातलं पाबळही एकदा दाखव. शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वर्षभर तिथेच राहतात आणि वेल्डिंग, वीज, शेती, स्वयंपाकघर अशा सगळ्या कामांतून शिकतात. गावाला लागणाऱ्या वस्तू ती खरोखर बनवून देतात. गिऱ्हाईक समोर उभं असलं की हात वेगळा चालतो.

एक मात्र सांगून ठेवतो. धाकटा वायरिंग शिकायचं म्हणाला असता तर मी याच्या नेमकं उलट लिहिलं असतं. वीज दिसत नाही आणि दुसरी संधी देत नाही. तिथे आधी दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, मगच कुणाच्या हाताखाली.

वेल्डिंगमध्येही धोका आहे, वहिनींपासून लपवायचा नाही. नुसत्या डोळ्यांनी आर्क बघितला तर त्या वेळी काही वाटत नाही, रात्री मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि उशी भिजते. मी पहिल्या महिन्यात ते भोगलंय. शेडमधले म्हणाले होते, बटाट्याची चकती ठेव. जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपवर भर टाकला की जस्ताचा धूर निघतो, बंद जागेत तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून होल्डर धरायचा नाही. या गोष्टी बऱ्याच शेडमध्ये कुणी सांगत नाही, आणि चांगल्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. कोर्सच्या बाजूने माझ्याकडचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि म्हणूनच धाकट्याला कुठल्याही अनोळखी शेडमध्ये हेल्पर म्हणून पाठवू नकोस.

माझ्याकडे पाठव. जून आणि जुलै दोन महिने. राहील आमच्याचकडे, माळ्यावरची खोली रिकामी आहे, आणि हिलाही घरात कुणीतरी हवंच आहे. रोजंदारी देईन, फुकट राबवणार नाही. पहिले पंधरा दिवस कापणं, मोजणं आणि गुण्यात बसवणं, मग टाके, मग रोज संध्याकाळी अर्धा तास भंगार पट्ट्यांवर हवे तेवढे रॉड जाळू देईन. दर शनिवारी त्याचे सांधे त्याच्यासमोर मोडून दाखवीन. दोन महिन्यांनी त्याचं मन लागलं असेल तर मीच त्याला चांगल्या कोर्सला घेऊन जाईन, आणि काय विचारायचं ते तोवर त्याचं त्यालाच कळलेलं असेल. नाही लागलं तर तुझे ३५,००० वाचले आणि कॉलेजही हातचं गेलेलं नसेल. आयटीआयचे प्रवेश मात्र याच दिवसांत असतात. अर्ज भरून ठेव, नंतर नको वाटला तर सोडता येईल.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. त्यांना माझा नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझाच,
दत्ता

ता. क. येताना पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट आणायला सांग, जुने चालतील. टेरिकॉटचे नकोत, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतात. बूट कातड्याचे हवेत. हेल्मेट आणि हातमोजे मी रविवारी बोहरी आळीतून आणून ठेवतो, त्याच्या डोक्याचं माप तेवढं कळव.