नसा मोकळ्या, तरी अटॅक खराच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हार्ट अटॅकबद्दल आपल्या पेपरात बरंच येतं, पण सगळा भर ब्लॉकेज, स्टेंट आणि बायपासवरच असतो. अँजिओग्राफीत ज्यांच्या नसा मोकळ्या निघतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या ताईला पन्नाशीच्या आतच अटॅक आला. छातीत दाबल्यासारखं, दरदरून घाम, ईसीजीत बदल, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन) वाढलेलं. अँजिओग्राफी केली तर सगळं क्लिअर! मग डिस्चार्ज कार्डवर 'नॉर्मल कोरोनरीज', म्हणजे हृदयाच्या नसा ठीक, खाली अ‍ॅसिडिटीची गोळी आणि वर तोंडी सल्ला, टेन्शन घेऊ नका. घरच्यांना हायसं वाटलं, पण ट्रोपोनिनचं काय? हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याशिवाय ते रक्तात असं वाढत नाही ना. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कार्डियाक एमआरआय करायला लावला आणि त्यात स्नायूवर अटॅकचा डाग स्पष्ट दिसला.

डॉक्टर याला मिनोका म्हणतात. ५० टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा हृदयाच्या कुठल्याच मोठ्या नसेत नाही, तरी अटॅक. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अटॅकच्या साधारण ६ टक्के पेशंटमध्ये हे सापडलं, आणि त्यात बायकांचं प्रमाण नेहमीच्या अटॅकपेक्षा जास्त होतं. म्हणजे हे काही लाखात एखादं प्रकरण नाही.

मुळात अँजिओग्राफीत नसेची आतली पोकळी दिसते, भिंत दिसत नाही आणि अगदी बारीक नसाही दिसत नाहीत. गुठळी होऊन विरघळून गेलेली असू शकते, नस काही वेळ आकसून परत मोकळी झालेली असू शकते, नसेच्या आतल्या थराला चीर गेलेली असू शकते, ती तर बऱ्याचदा शुगर, कोलेस्टेरॉल काहीही नसलेल्या तरुण बायकांमध्ये आढळते. शिवाय मायोकार्डायटिस म्हणजे स्नायूची सूज, किंवा जपानमध्ये १९९० साली पहिल्यांदा नोंदलेला ताकोत्सुबो म्हणजे हृदयाचा स्नायू अचानक, तात्पुरता कमजोर पडणं, हेही हुबेहूब अटॅकसारखेच येतात. आणि उपचार प्रत्येकाचा वेगळा! नस आकसत असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (नसा सैल करणारी औषधं) लागतात, तिथे काही बीटा ब्लॉकरनी (हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या औषधांनी) उलट त्रास वाढू शकतो. म्हणून कारण न शोधता पेशंटला घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही, आणि बाईमाणूस दिसली की टेन्शनवर ढकलून मोकळं होणं तर त्याहून नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी नातेवाइकांनी "मग ट्रोपोनिन का वाढलं?" एवढं विचारलंच पाहिजे. आपण आरोग्याच्या पानावर एखाद्या कार्डिओलॉजिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं ही विनंती, आणि त्यात एमआरआयच्या वेळेबद्दल जरूर यावं, कारण तो पहिल्या दोनेक आठवड्यांत झाला तर नेमकं कारण सापडायची शक्यता जास्त असते आणि हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक