इतिहास, तत्त्वज्ञानाच्या पुरस्कारांनाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की आठवडाभर नोबेलच्या बातम्या पहिल्या पानावर असतात, कुणाला मिळालं, कशासाठी मिळालं, सोबत चौकट, फोटो, सगळं येतं आणि ते मी आवडीने वाचते. पण इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र यात आख्खं आयुष्य घातलेल्या लोकांनाही जगात मोठे पुरस्कार मिळतात आणि त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळीत संपते, कधी कधी तेवढीही नसते. मी इतिहास शिकवते म्हणून मला हे जास्त लागतं असं कुणी म्हणेल, म्हणू देत, पण हा प्रश्न फक्त माझ्या विषयाचा नाहीये.

नोबेल १९०१ पासून दिलं जातंय, अर्थशास्त्राचं नंतर स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने सुरू केलं आणि ते १९६९ पासून मिळायला लागलं. इतिहास किंवा तत्त्वज्ञान असा विभागच त्यात नाही. १९०२ मध्ये मॉमसेन या जर्मन इतिहासकाराला नोबेल मिळालं खरं, पण साहित्याचं, आणि १९५० मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनाही साहित्याचंच. ही उणीव भरून काढायला नंतर बाकीचे पुरस्कार आले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्लूगे पुरस्कार नोबेलमध्ये नसलेल्या विषयांसाठीच आहे, २००८ चा क्लूगे रोमिला थापर आणि पीटर ब्राऊन या दोन इतिहासकारांना विभागून मिळाला. प्राचीन भारताचा इतिहास लिहिणाऱ्या बाईंचा एवढा मोठा सन्मान झाला, हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगेपर्यंत माहीतच नसतं.

नॉर्वेचा होलबर्ग पुरस्कार घ्या. तिथल्या संसदेने २००३ मध्ये तो सुरू केला, रक्कम ६० लाख क्रोनर, आणि २०२५ चा मिळाला गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना. आता यांचं काम काय तर देरिदासारखा अवघड फ्रेंच तत्त्वज्ञ त्यांनी १९७६ मध्ये इंग्रजीत आणला, मग समाजाच्या अगदी तळातल्या माणसाचं म्हणणं आपण खरंच ऐकतो का, की त्याच्या वतीने दुसरेच कुणीतरी बोलत राहतात, हा प्रश्न त्यांनी १९८० च्या दशकात असा काही मांडला की तेव्हापासून जगभरची विद्यापीठं त्यावर वाद घालतायत, आणि हे नुसतं कागदावर नाही बरं का, पश्चिम बंगालच्या खेड्यांत भूमिहीनांच्या मुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं शाळा चालवल्यात. बातमीत यातलं काय येतं? नाव, पुरस्कार आणि रक्कम. वाचणाऱ्याला वाटतं कुणालातरी लॉटरी लागली.

जपानच्या क्योतो पुरस्काराची रीत मला फार आवडते. १९८५ पासून तिथे तंत्रज्ञान, मूलभूत विज्ञान आणि कला व तत्त्वज्ञान असे तीन विभाग आहेत आणि तिघांना मान सारखा, पैसा सारखा. २०२२ मध्ये चिप डिझाइनचा पाया घालणारे कार्व्हर मीड, रोगांच्या साथी कशा पसरतात याचा अभ्यास करणारे ब्रायन ग्रेनफेल आणि आपले झाकीर हुसेन, तिघांना प्रत्येकी १० कोटी येन. तबला आणि मायक्रोचिप एका रांगेत! यात कमी-जास्त काही ठरवायचंच नाही, हा विचारच किती मोठा आहे.

आणि इटली-स्वित्झर्लंडच्या बाल्झान पुरस्काराबद्दल तर प्रत्येक विद्यार्थ्याला कळायला हवं. दरवर्षी चार विषय, दोन साहित्य-कला-मानव्यविद्येतले आणि दोन विज्ञानातले, विषय दरवर्षी बदलतात. साडेसात लाख स्विस फ्रँक मिळतात पण त्यातली निम्मी रक्कम विजेत्याने तरुण संशोधकांना घेऊन करायच्या प्रोजेक्टवर खर्च करायची असा नियम आहे. म्हणजे सत्कार होतो एका ज्येष्ठाचा आणि त्यातून काम मिळतं विशी-तिशीतल्या पोरांना, ज्यांना पीएचडीनंतर पुढे काय हा प्रश्न रात्रंदिवस सतावत असतो. आपल्याकडे पुरस्कार देणाऱ्या संस्थांनीही हा नियम उचलावा असं मला मनापासून वाटतं, शाल-श्रीफळ असू द्याच, पण सोबत एखाद्या तरुणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासाची सोय झाली तर त्या ज्येष्ठालाही जास्त आनंद होईल.

तर विनंती एवढीच. होलबर्ग मार्चमध्ये जाहीर होतो, क्योतो जूनच्या सुमारास आणि बाल्झानही दरवर्षी असतोच. त्या त्या वेळी एजन्सीची बातमी तशीच न छापता तो विषय शिकवणाऱ्या कुणाकडून तरी चारशे शब्द लिहून घ्या, विजेत्याने नेमका कोणता प्रश्न विचारला आणि त्याने आधीची समजूत कुठे बदलली, साध्या मराठीत. लिहू शकणारे प्राध्यापक भरपूर आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. रक्कम शेवटच्या ओळीत टाकली तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
इतिहासाची एक शिक्षिका