पश्या, मागचा आकडा वाच आधी

प्रिय पश्या,

तुझा मेसेज मिळाला: अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, मागच्या बाजूचा फोटो आणि खाली 'दुसरा स्पीकर जोडू का रे' एवढंच, बाकी काही नाही! फोनवर सांगितलं असतं पण तू अर्धं ऐकतोस आणि सोल्डरिंग गन तापवायला घेतोस, म्हणून लिहितोय.

फोटोत 'मिनिमम ४ ओहम' छापलंय बघ, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा ४ च्या खाली जायला नको, सगळा खेळ तिथेच आहे. अँपच्या आतला स्पीकर ८ ओहमचा. तू आणलेला डबाही, म्हणजे बाहेरचा स्पीकर, ८ चा असेल तर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून) दोघांचे मिळून ४ होतात, चालेल. डबा ४ चा निघाला तर होतात २.६७, म्हणजे करंट वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर भाजून निघतात. मी केलंय हे, गणपतीत, सोसायटीच्या कार्यक्रमात. दोन गाणी मस्त गेली, मला वाटलं लोक उगाच घाबरवतात, तिसऱ्याला वास आला आणि हीटसिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या पट्टीला) हात लावला तर चटकाच बसला. मग पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चकरा, दोन ट्रान्झिस्टर, आणि वर कारागिराचं लेक्चर.

डब्यावर काही लिहिलेलं नसेल तर ओहम मोजायला मल्टीमीटर लाव, पण मीटर ८ च्या स्पीकरला साधारण ६ ते ७ दाखवतो, तेव्हा लगेच 'खराब आहे' म्हणून बोंबलू नकोस. मग प्लस-मायनस बरोबर आहे का बघायला स्पीकरच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकव, प्लसला प्लस, कोन (पुढचा कागदी पडदा) बाहेर आला पाहिजे. आतला आणि बाहेरचा उलटसुलट लागले तर बेस गायब होतो आणि आपण उगाच नॉब फिरवत बसतो.

वायर म्हणून गिटारची केबल वापरू नकोस हं, तिचा आतला कोर बारीक असतो, गरम होते. साधी दोन कोरची दीड स्क्वेअर मिलिमीटरची घे. आणि डबा हेडफोनच्या भोकात तर मुळीच जोडू नकोस!

जुन्या काचेच्या व्हाल्व्हचे अँप वापरणारे सांगतात की स्पीकर काढून अँप चालू केला तर जळतो, ते त्यांच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे. आपल्या सॉलिड स्टेटला, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्याला, स्पीकरविना रिकामं राहिल्याने सहसा काही होत नाही, शॉर्ट मात्र सोसत नाही. जॅक घालता-काढताना त्याचं टोक आणि बाही (मागचा धातूचा भाग) क्षणभर एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होऊ शकतो, म्हणून आधी स्विच बंद. काही अँपमध्ये बाहेरचा जॅक लावला की आतल्या स्पीकरचं कनेक्शन आपोआप तुटतं, तेव्हा दोन्ही वाजतायत का ते कान लावून बघ.

आणि हो, आवाज दुप्पट होणार नाही. पॉवर अगदी दुप्पट झाली तरी वाढ ३ डीबीचीच (डेसिबल, आवाजाचं माप), म्हणजे जरासा जास्त. खरा फरक डबा जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवलास की कळेल, आत्ता तो तुझ्या पोटऱ्यांनाच ऐकवतोय.

रविवारी डबा घेऊन ये, मीटर आहे माझ्याकडे. बॅटरी मात्र तूच आण, माझी घड्याळात गेली.

तुझाच,
बाळ्या