पोलिसांच्या जाकिटावर क्रमांक तरी छापा

आंदोलकांवर लाठी चालली की पुढचा क्रम ठरलेला: निषेध, सक्तीची रजा, चौकशी, विस्मरण. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा गृहमंत्र्यांनी निदान माफी तरी मागितली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी आंबेडकर पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध सुरू असताना राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली २००९मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. आणि काही दिवसांतच जामीनही! दगडफेकीत पोलीसही जखमी होतात, हे मान्य. पण जमिनीवर पडलेल्या म्हातारीवर काठी उगारणे हा कसला बंदोबस्त?

पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्येच राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले होते. आपल्याकडे असे प्राधिकरण आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? डोके फुटलेला माणूस तक्रार घेऊन जातो तो त्याच पोलीस ठाण्यात. तिथे पहिला प्रश्न, ‘मारणाऱ्याचं नाव काय?’ हेल्मेट आणि जाकिटाआड नावाची पट्टी दिसतच नाही, तर तो सांगणार काय? जाकिटाच्या पाठीपोटावर ठळक क्रमांक छापायला गृहखात्याला कितीसा खर्च येईल?

– एक वाचक, घाटकोपर