बुंबायचा पोरगा

पुणे, १६ जून

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलीला दावावच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि ऑगस्टमध्ये ती निघणार, हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी शेवटी तू जो टोमणा मारला आहेस, तोही बरोबर ठिकाणी लागला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी माझ्या फिलिपिन्समधल्या दहा वर्षांबद्दल तुला दहा वाक्येसुद्धा सांगितली नाहीत, ही तुझी तक्रार खरी आहे. १९८६ साली अकरावीच्या वर्गात मी तुझ्या बाकावर येऊन बसलो, तेव्हा माझे मराठी ऐकून मुले हसत असत, आणि त्या हसण्याला भिऊन मी तो देश जो पोटात ठेवला तो तेथेच राहिला. आता तूच विषय काढला आहेस, तर पत्र लांबले म्हणून कुरकुर करू नकोस.

दावाव कसे आहे, हे मात्र मला विचारू नकोस. ते पार दक्षिणेला, मिंदानाओ बेटावर आहे आणि मी तेथे एकदाही गेलेलो नाही. माझे फिलिपिन्स म्हणजे लुझोन बेटावरचे लॉस बान्योस हे गाव. मनिलाच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, पाठीशी माकिलिंगचा डोंगर आणि पुढ्यात लागुना द बाय हे त्या देशातले सर्वांत मोठे तळे. गावाच्या स्पॅनिश नावाचा अर्थच न्हाणीघरे असा आहे, कारण आपल्या तुरळसारखे तेथेही गरम पाण्याचे झरे आहेत. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली तेथे स्थापन झाली, आणि १९६६ साली तिने दिलेल्या ‘आयआर ८’ या वाणाचे नाव आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही ठाऊक झाले. बाबा कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९७६ साली त्या संस्थेत गेले. पद काही मोठे नव्हते. त्यामुळे आम्ही गावातच एका गल्लीत भाड्याने राहिलो, आणि माझ्या बालपणाचे जे काही भले झाले ते या एका गोष्टीमुळे झाले असे मी समजतो.

तेथे पोचल्यावर मला कळलेली पहिली गोष्ट अशी, की मी बागुलबुवा आहे. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला, मग तो कोठलाही असो, ‘बुंबाय’ म्हणतात. हा शब्द आपल्या बॉम्बेवरूनच आला आहे. हे बुंबाय बहुतकरून पंजाबी किंवा सिंधी असत आणि दारोदार फिरून मच्छरदाण्या, छत्र्या हप्त्याने विकत, नाहीतर व्याजाने पैसे देत. पाच घ्या आणि सहा परत करा, असा त्यांचा सरळ हिशेब असल्याने त्या धंद्याचे नावच ‘पाच-सहा’ असे पडले होते. मूल जेवेना किंवा झोपेना, की आया सांगत, “गप्प बस, नाहीतर बुंबाय तुला पोत्यात घालून नेईल.” आम्ही गल्लीत उतरलो त्या संध्याकाळी समोरच्या घरातला चार वर्षांचा तोतोय बाबांना पाहून जो किंचाळत आत पळाला, तो दोन दिवस बाहेर आला नाही. (तोतोय हे काही त्याचे खरे नाव नव्हे, आपल्याकडे जसे प्रत्येक घरात एक बाळ्या असतो, तसा तेथे एक तोतोय असतो.) आईला याचा फार राग आला. आपण रत्नागिरीचे आहोत, मुंबईचे नव्हे, असे ती पुढची दहा वर्षे प्रत्येकाला मोडक्या तागालोगमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, समजावत राहिली, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

तोतोयची आजी, म्हणजे आम्हा सर्वांची लोला, घराच्या पुढच्या खोलीत ‘सारी-सारी’ दुकान चालवत असे. हे दुकान तुला डोळ्यांपुढे आणता यावे असे वाटते, कारण माझ्या आठवणींतला अर्धा देश त्याच खिडकीत मावतो. खिडकीला कोंबडीच्या खुराड्याची असते तशी जाळी, जाळीत हात जाईल एवढी चौकोनी फट, आणि आत दोऱ्यांना टांगलेल्या पुड्यांचे पडदे. तेथे सगळे काही ‘तिंगी’ मिळे, म्हणजे सुटे आणि गरजेपुरते. लसणाचा एक गड्डा, एक सिगारेट, पिशवीत ओतून दिलेले चार चमचे तेल. थंड पेयाची बाटली परत करावी लागे म्हणून लोला ते पेय प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, तोंडाशी गाठ मारून, त्यात नळी खोचून देई, आणि ती गार, लिबलिबीत पिशवी गालाला लावत आम्ही रस्त्याने जात असू. उधारीच्या वहीला ‘लिस्ता’ म्हणत. ती खिळ्याला टांगलेली असे आणि तिच्यावर पेन्सिल दोरीने बांधलेली असे, कारण शेजारी उधारी वेळेवर देत, पेन्सिली मात्र नेत.

आईची आणि लोलाची मैत्री झाली ती नारळावरून. आईने सामानातून विळी नेली होती, पुढे खोवणीचे चक्र असलेली. एका दुपारी ती ओट्यावर बसून नारळ खोवत असताना लोला रस्त्यावरच थबकली, काही न बोलता घरी गेली आणि आपले खोवायचे साधन घेऊन आली. ते म्हणजे एक बुटके लाकडी बाक, ज्याच्या तोंडाशी दातेरी पाते असते आणि ज्यावर घोड्यावर बसावे तसे बसतात. त्याचे एक नावही ‘काबायो’, म्हणजे घोडा, असेच आहे. मग दोघी समोरासमोर बसून खोवत राहिल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण लोलाने आईच्या ताटातला कीस चिमटीत धरून पाहिला आणि तो आपल्यापेक्षा बारीक पडतो हे मान हलवून कबूल केले. त्या दिवसानंतर तोतोय आमच्या घरात येऊ लागला.

भाताचे तर विचारूच नकोस. शेतात उभा तो ‘पालाय’, कांडल्यावर ‘बिगास’, शिजल्यावर ‘कानिन’, भांड्याला लागलेली खरवड ‘तुतोंग’, आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी लसणावर परतला की ‘सिनांगाग’. मला ताप आला तेव्हा लोला वाटीत काहीतरी पांढरे घेऊन आली, आणि त्याच वेळी आईही स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. दोन्ही वाट्यांत पेज होती. लोलाच्या वाटीतल्या पेजेला ‘आम’ म्हणतात, आणि आईच्या वाटीतली मेतकूट घातलेली. सकाळी सुकी मासळी तळल्याचा वास गल्लीभर सुटे, तेव्हा बाबा डोळे मिटून रत्नागिरीच्या मासळी बंदराचे नाव घेत, “मिरकरवाडा.” तागालोग शिकायला मला फार वेळ लागला नाही, कारण अधूनमधून ओळखीची माणसे भेटावीत तसे शब्द भेटत होते. शिक्षकाला गुरो, चेहऱ्याला मुखा, आशेला पाग-आसा, वनदेवीला दिवाता. साबणाला साबोन, आणि चिकूला तर चिकोच.

खेळांच्या बाबतीत मी थोडा गर्विष्ठ होतो, हे कबूल करतो. पातिंतेरो हा त्यांचा मोठा खेळ. रस्त्यावर पाण्याने रेघा ओढायच्या, एका गटाने त्या रेघांवर उभे राहून अडवायचे आणि दुसऱ्याने हूल देत पार जाऊन परत यायचे. अरे, या आमच्या आट्यापाट्याच! सूरपाटी सांभाळणाऱ्या गड्यासारखा त्यांच्यातही मधल्या रेघेवर धावणारा एक ‘पातोतोत’ असे, आणि ती जागा मी पहिल्याच आठवड्यात हक्काने मागून घेतली. पाण्याच्या रेघा उन्हाने वाळत, मग रेघ होती की नव्हती यावर भांडण होई. म्हणून चांदण्या रात्रीचा खेळ उत्तम. सियातो म्हणजे विटीदांडू, फक्त हरणाऱ्याला शिक्षा अशी की एका दमात “सियातोंग” म्हणत पळायचे आणि दम तुटू द्यायचा नाही. हुतूतूचा सराव असल्याने त्यातही मला कोणी हरवू शकले नाही. जमिनीवर उभ्या डब्याला चप्पल फेकून पाडायच्या तुंबांग प्रेसोत मात्र माझा नेम इतका वाईट, की माझी चप्पल लोलाच्या कौलांवर दोनदा राहिली, आणि दोन्ही वेळा आईने ती लिस्तावर लिहावी तशी लक्षात ठेवली.

सकाळी ताहोवाला येई. खांद्यावर कावड, दोन टोकांना ॲल्युमिनियमचे डबे आणि गल्लीच्या तोंडापासून लांबवलेली “ताहोऽऽ” अशी हाळी. एका डब्यात सोयाबीनच्या दुधाची मऊ खरवसासारखी वडी; ती तो चपट्या पळीने पापुद्र्यापापुद्र्याने पेल्यात घेई, वर गुळाच्या पाकासारखे आर्निबाल आणि साबुदाण्याचे मणी घाली. रात्री तसाच लांब आवाज बालुतवाल्याचा, पण बदकाचे ते पिल्लू धरलेले अंडे खाण्याचे धैर्य मला शेवटपर्यंत झाले नाही. हे तुझ्या मुलीला आताच सांगून ठेव, म्हणजे अंडे सोलल्यावर ती दचकणार नाही.

त्या वयातले सर्वांत मोठे दुःख राजकीय होते, असे म्हटले तर तू हसशील. दर शुक्रवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही जपानी चित्रमालिका लागे. पाच वाहने जोडून एक प्रचंड यंत्रमानव तयार होई आणि तो आकाशातून आलेल्या शिंगवाल्या शत्रूंशी लढे. गल्लीत संच एकच होता, आणि आम्ही वीस-बावीस पोरे त्या घराच्या खिडकीला लोंबकळून पाहत असू. १९७९ साली, शेवटचे मोजके भाग उरले असताना, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी यंत्रमानवांच्या अशा मालिका हिंसक ठरवून बंद केल्या. त्या शुक्रवारी आम्ही खिडकीशी जमलो आणि भलताच कार्यक्रम लागला. तोतोयने मला विचारले, “बुंबाय, पुढे काय झाले?” मी मोठा होतो म्हणून मला ठाऊक असेल, असा त्याचा समज. मग मी रोज संध्याकाळी दुकानाच्या बाकावर बसून एकेक भाग रचून सांगू लागलो, आणि माझ्या भागांत घटोत्कच आणि हनुमान कधी येऊ लागले हे मलाही कळले नाही.

सप्टेंबर उजाडला की त्या देशात नाताळ सुरू होतो; यात अतिशयोक्ती नाही. डिसेंबरात बांबू आणि रंगीत कागदाचे ‘पारोल’ घराघराला टांगलेले दिसत, आणि आई दिवाळीचा आकाशकंदील तसाच जानेवारीपर्यंत ठेवून देई, म्हणजे दोन्हीकडचे भागे. १६ तारखेपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असे. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण चर्चबाहेर केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वरही निखारे ठेवून भाजलेली बिबिंका मिळे, म्हणून मी नऊही दिवस उठत असे. गोव्याच्या बेबिंकाचे हे नावभाऊ. चव निराळी, पण वरून-खालून भाजण्याची तऱ्हा तीच. नववर्षाच्या मध्यरात्री उंची वाढावी म्हणून मुले उड्या मारतात. मीही दहा वर्षे मारल्या, आणि पाच फूट चार इंचांवर थांबलो, हे तू पाहतोसच.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी मार्कोस यांचे विरोधक नेते निनॉय अकिनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली, आणि त्यानंतर पेसो, म्हणजे तिकडचा रुपया, घसरत गेला तशी लोलाची लिस्ता जाड होत गेली. फेब्रुवारी १९८६ मध्ये लाखो लोक मार्कोस यांच्या विरोधात मनिलातल्या एद्सा रस्त्यावर उतरले, तेव्हा आमची अख्खी गल्ली दुकानातल्या रेडिओभोवती रात्रभर जागली. २५ तारखेला मार्कोस पळाल्याची बातमी आली. लोलाने बरण्यांतली सगळी बिस्किटे बाहेर काढली आणि वहीत काही लिहिले नाही. बाबांची मुदत संपली होती. मे महिन्यात आम्ही निघालो. निघताना मी लोलाचा हात माझ्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्याची ती त्यांची रीत आहे, तिला ‘मानो’ म्हणतात. तेरा वर्षांच्या तोतोयने मात्र मिठी वगैरे न मारता फक्त विचारले, की आता मार्कोस गेला, तर ते राहिलेले भाग दाखवतील का? दाखवले, असे मागाहून कळले. मी ते थेट पन्नाशीत, मोबाइलवर पाहिले. माझे भाग बरे होते.

तुझ्या मुलीला दोन-तीन गोष्टी सांग. कोणी जेवत असताना ती शेजारून गेली तर तो माणूस “काईन तायो”, म्हणजे चला जेवू, असे हमखास म्हणेल. पोट भरले आहे असे हसून सांगावे, पण उत्तर न देता जाऊ नये. तिला कोणी बुंबाय म्हटले तर आईसारखे रत्नागिरीवर व्याख्यान देऊ नये. आणि माझे तागालोग तिच्या फारसे कामाचे नाही, कारण दावावला बिसाया भाषा चालते. त्या भाषेतला एकच शब्द मला पक्का ठाऊक आहे, तो तिला पाठ करून ठेवायला सांग. बाजारात कांदे घ्यायचे असतील तर ‘बोंबाय’ मागायचे. किलोला काय भाव आहे, तेवढे मला कळवायला सांग.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझाच