दोन पॅलेट, आईची गॅलरी आणि आप्पांची काळी माती

ती. आई-आप्पा,
शि. सा. न.

फोनवर गॅलरीत पालेभाजी लावायचा विषय काढला की आप्पा म्हणतात "बघू" आणि आई म्हणते "तुमचं तुम्ही ठरवा", मग मागं टीव्हीचा आवाज मोठा होतो आणि विषय तिथंच राहतो, म्हणून शेवटी लिहूनच पाठवतेय. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक कोण वाचतंय म्हणून अर्ध्यात सोडू नका, चष्मा लावून निवांत वाचा, आणि आप्पा, आईला मोठ्यानं वाचून दाखवताना मधले तुमच्या गैरसोयीचे भाग गाळू नका.

तर पॅलेट. मी इथं साताऱ्याला एमआयडीसीत स्टोअरला आहे एवढं तुम्हाला माहितीये, पण दिवसभर डोळ्यासमोर काय असतं तर हे लाकडी पॅलेट. फोर्कलिफ्टचे काटे खाली घुसावेत म्हणून माल ज्याच्यावर ठेवतात ना ती फळ्यांची चौकट, वर फळ्या, खाली फळ्या आणि मधे तीन जाड दांडे. एखादी फळी मोडली की ते बाद, मग भंगारवाला उचलतो आणि जळणाला विकतो. त्याच्याकडनं बरी दोन निवडून मी विकत घेतलीयेत, साधारण चार फूट बाय सव्वातीन फूट, पाच-साडेपाच इंच जाड. ती सांगलीला तुमच्या गॅलरीत यायचीयेत, पालेभाजी लावायला.

आप्पा लगेच म्हणणार, ऊस केला, हळद केली, आता खोक्यात मेथी लावू काय. बरोबर आहे तुमचं, ही शेती नव्हेच. आणि पैसे वाचतील असंही मी म्हणत नाही, मंडईत हंगामात जुडी काय भावानं मिळते ते मला माहितीये, दोन पॅलेटमधनं महिन्याला निघून निघून किती निघणार. पण 2019 ला सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं (तिथं धोक्याची पातळी 45 ची!), 2021 ला परत आलं, आणि त्यानंतर तुम्ही गावाकडचं घर बंद करून विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आलात, रान वाट्यानं दिलं, हे सगळं योग्यच झालं. तुम्ही निदान आठवड्याला एकदा एसटीनं जाऊन बांधावर उभं राहून वाटेकऱ्याच्या चुका काढून येता. आई कुठं जाते? तिचं रान म्हणजे उसाच्या सरीच्या कडेला टाकलेली कोथिंबीर, पाटाच्या तोंडाला अळू, हळदीच्या कडेला माठ आणि तांदूळजा, ते सगळं तिकडंच राहिलं. मागच्या वेळी आले तेव्हा बघितलं, मंडईतनं आणलेली शेपू तिनं हातात घेतली, वास घेतला आणि काही न बोलता निवडायला बसली.

म्हणून आधीच सांगते, ह्या दोन पॅलेटात काय लावायचं, कधी खुडायचं, किती पाणी घालायचं हे आई ठरवणार. आप्पा, तुम्ही ठोकाठोकी करायची, ती तुमच्याइतकी कुणाला जमत नाही, पण पिकाचा निर्णय तिचा. आजवर कुठं काय टाकायचं हे तुम्ही सांगितलंत आणि उरलेल्या कडेला तिनं तिची भाजी केली, आता सगळं वावरच कडेएवढं झालंय तर ते तिला द्या.

आता कामाचं. पहिली गोष्ट लाकूड, कारण तुम्ही कुपवाड एमआयडीसीतनं आणखी दोन-चार उचलून आणाल हे मला माहितीये. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या पॅलेटवर दांड्याच्या अंगाला एक डागल्यासारखा शिक्का असतो, त्यात गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, आणि त्याच्याजवळ एचटी नाहीतर एमबी. एचटी म्हणजे लाकूड तापवून घेतलेलं, आतल्या गाभ्यापर्यंत 56 डिग्री अर्धा तास, कीड मरावी म्हणून, ते आपल्याला चालतं. एमबी म्हणजे मिथाईल ब्रोमाईड, विषारी गॅसची धुरी दिलेलं, ते खायच्या भाजीला मुळीच घ्यायचं नाही. शिक्काच नसेल तर वाईटच असं नाही, देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो लागत नाही, पण मग त्याच्यावर काय काय सांडलं असेल ते कोण सांगणार, म्हणून नाक लावून बघायचं, ऑईलचा किंवा औषधाचा वास आला, काळे-हिरवे डाग दिसले की तिथंच ठेवायचं. आणि रंग दिलेली निळी-लाल कुणी फुकट देतो म्हटलं तरी घेऊ नका, ती बहुतेक भाड्याची असतात, ज्याची त्याला परत जायची असतात. माझी दोन्ही एचटीची आहेत, बघून घेतलीयेत.

वाळवीसाठी तुम्ही गोठ्याच्या मेढींना जळकं ऑईल फासायचा ना, ते इथं नको. गोठ्याला ठीक होतं, इथं ते मातीत उतरेल आणि मातीतनं ताटात. लाकूड टिकवायचंच असेल तर जवसाचं कच्चं तेल बाहेरनं दोन हात लावा आणि चांगलं वाळू द्या, हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉईल्ड' लिहिलेलं नको, त्यात लवकर वाळायला काहीबाही घातलेलं असतं. तरी दोन-तीन वर्षांनी खालच्या फळ्या कुजणारच, बाद लाकूड आहे, कुजलं तर कुजलं.

वरच्या फळ्या सगळ्या काढायच्या नाहीत, एक सोडून एक काढा. फटी रुंद होतील, त्याच पेरायच्या ओळी, आणि राहिलेल्या फळ्यांखाली ओल टिकते, तणही कमी येतं. खिळे पहारीनं उचकटताना फळी फाटते, त्यापेक्षा मागनं ठोकून डोकं वर आणा आणि पक्कडीनं काढा (हे मी तुम्हाला शिकवतेय, बघा काय दिवस आलेत). मग पॅलेट पालथं घालून बुडाला आणि चारी बाजूंनी शेडनेट दुहेरी लावायची. विकत आणू नका, तासगावच्या आत्याकडं बेदाण्याच्या रॅकवरची जुनी हिरवी नेट गुंडाळी करून पडलीये, ती मागा. गोणपाट नको, एका पावसाळ्यात कुजतं आणि माती खाली. खिळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की नेट फाटत नाही.

इंटरनेटवर फोटोत दिसतं तसं भिंतीला उभं करायचं नाही. फोटोला छान दिसतं ते, पण उभ्या पॅलेटमधे पाणी खाली खाली उतरतं, वरची ओळ वाळते आणि खालची सडते, शिवाय उभं करायच्या आधी मुळं माती धरेपर्यंत काही आठवडे आडवंच ठेवावं लागतं, आणि नीट बांधलं नाही तर वाऱ्यानं पडायची भीती. आपण आडवंच ठेवू, पण जमिनीवर नको, आईचे गुडघे बघता तिला खाली बसायला लागता कामा नये. फॅब्रिकेशनवाल्याकडनं अडीच फूट उंचीच्या लोखंडी घोड्या करून घ्या, जाड अँगलच्या, पैसे मी देते. म्हणजे ती उभ्या उभ्या खुडेल नाहीतर स्टूल घेऊन बसेल.

आता माती, आणि इथंच आपलं वाजणार आहे. तुम्ही रानातली काळी माती पोत्यानं आणायचं ठरवलेलं असणार. आप्पा, नदीकाठची ती माती रानात सोनं आहे, पाच इंचाच्या खोक्यात नाही. पाणी घातलं की चिखल, दोन दिवस घातलं नाही की भेगा, मुळांना हवाच मिळत नाही. तुम्ही म्हणाल घटाला आई हीच माती घालते आणि इंचभर मातीत कसं तरारून उगवतं, पण ते धान्य स्वतःच्या पोटातली शिदोरी खाऊन उगवतं, नऊ दिवस पुरते तेवढीच. इथं महिनाभर पोसायचंय. तर तुमची माती एक भाग, कोकोपीट एक भाग (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तो दोन पाण्यानं धुऊन घ्यायचा, त्यात खार असतो), गांडूळखत एक भाग, वर दोन मुठी निंबोळी पेंड. दुसरं कारण वजन. एका पॅलेटमधे शंभर लिटरच्या पुढं माल बसतो, असं मिसळलेलं असलं तर ओलं होऊन शंभर-सव्वाशे किलो, नुसती काळी माती भरली तर दीडशेच्या बरीच वर, आणि आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत. दोन्ही पॅलेट भिंतीला लागूनच ठेवायची, कठड्याकडं नाही. गॅलरी पूर्वेला आहे, सकाळचं चार-पाच तास ऊन आत येतं, पालेभाजीला तेवढं पुष्कळ. आणि पोती तुम्ही स्वतः जिन्यानं वर न्यायची नाहीत, वॉचमनच्या पोराला पैसे द्या.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं लक्षात ठेवा, त्यांच्या वाळवणावर आपलं गढूळ पाणी पडलं तर सोसायटीच्या मीटिंगला तोच एक विषय होईल. पॅलेटखाली जाड प्लॅस्टिकचा कागद उतार देऊन बांधा, टोकाला बादली. ते पाणी परत वर घालता येतं, खतही त्यातच असतं.

आई, आता तुझं. तुला पेरायला मी काय शिकवणार, पण खोक्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे सगळं एकदम पेरू नकोस, नाहीतर सगळी मेथी एकाच आठवड्यात काढणीला येईल आणि दोघं रोज मेथी खात बसाल. एका फटीत आज, पुढच्या फटीत आठ-दहा दिवसांनी, असं टाकत जा. मेथी रात्रभर भिजवून टाकली की तीन-चार दिवसांत दिसते आणि महिन्याभरात खायला येते. धणे आप्पांना चपलेखाली रगडून दोन दाळी करून द्यायला सांग, रानात करायचा तसंच, फक्त डब्यातले जुने घेऊ नकोस, उगवत नाहीत. कोथिंबिरीला दहा-बारा दिवस लागतात, त्याच्या आधी "उगवलं नाही" म्हणून परत पेरू नका, हे वाक्य दोघांसाठी आहे. पालक उपटायचा नाही, दोन बोटं ठेवून बाहेरची पानं कापत राहायची, तीन-चार कापण्या मिळतात. पुदिना ह्या खोक्यात नको, तो सगळीकडं पळतो, त्याला जुना डबा दे.

आणि मंडईत नेहमी मिळत नाही ते लाव ना. चाकवत, चुका, कोवळी करडई. घटस्थापना जवळ आलीये, ह्या सगळ्याला आता चांगले दिवस आहेत, फक्त ऑक्टोबरचं ऊन उतरेपर्यंत वर उरलेली शेडनेट टाका. एका फटीत हरभरा टाक, घाट्यासाठी नव्हे, शेंडे खुडून भाजीला. वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीचा तुझा डबा पुरात गेला त्यानंतर तशी भाजी मी खाल्लेली नाही.

मावा येईल, कोथिंबिरीवर आणि करडईवर तर नक्की. पाण्याची जोरात धार मारली की बराच जातो, राहिला तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. आप्पा, माळ्यावर त्या निळ्या पिशवीत गावाकडनं आणलेल्या औषधाच्या बाटल्या आहेत, त्या मी बघितल्यात. द्राक्षाला फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे तुम्हीच लोकांना सांगायचा, इथं सकाळी फवारलेलं संध्याकाळी परातीत असणार. युरियासुद्धा नको. प्रत्येक कापणीनंतर ओळीत मूठभर गांडूळखत, बास.

मी तिसऱ्या शनिवारी येतेय, कंपनीतल्या एकाचा टेम्पो मिरजेला रिकामा जातो, त्यात पॅलेट टाकून आणते. तोपर्यंत आप्पा, गॅलरीची लांबी आणि भिंतीपासून कठड्यापर्यंतची रुंदी टेपनं मोजून कळवा, टेपनं म्हणजे टेपनं, वितीनं नाही, कारण वॉशिंग मशीन तिथंच ठेवायचं असेल तर दोन बसतात का एक ते बघायला लागेल. एकच बसणार असेल तर मशीन आत घ्या. आणि आई, काय काय लावायचं ती यादी तू स्वतः बोलून व्हॉइस मेसेज कर, आप्पांच्या हातात फोन देऊ नकोस, ते त्यात भुईमूग घालतील.

तुमची,
ताई